न उचललेली रिंग

मित्रांनो, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर, घरांच्या मागच्या खडकाळ टेकडीवर जो गंजलेला उंच सांगाडा दिसतो ना, तो मीच. मोबाइलचा जुना टॉवर.

माझे तुकडे हेलिकॉप्टरने आले, तेव्हा शाळा सुटल्यासारखी मुले टेकडीवर धावली होती. बायकांनी कामगारांना चहा आणि काकवीचे पाव दिले. एफी नावाची एक तरुण बाई तान्ह्या लेकीला छातीशी धरून वर आली. माझ्या थंड पायाला हात लावून म्हणाली, "आमच्या माणसावर लक्ष ठेव रे बाबा. दिवसभर समुद्रावर असतो." तिचा नवरा अँब्रोस कॉड मासे धरायला जाई.

गावाची एक रीत होती. परतणारी होडी गल हेड या समुद्रात घुसलेल्या खडकाच्या टोकाला वळसा घालून आली, की तिथपर्यंत माझी हाक पोहोचे. तिथून प्रत्येक जण घरी एक रिंग देई. घरात कोणी फोन उचलत नसे. रिंग वाजली की शेगडीवर किटली चढे. रिंग वाजली नाही, तर काही न विचारता शेजारी होड्या काढत.

एकदा एफीने चुकून फोन उचलला.

"उचललास कशाला?" अँब्रोस म्हणाला. "बरं, उचललाच आहेस तर सांग, जेवायला काय?"

"कालचाच कॉड. आवडत नसेल तर परत जा समुद्रात."

त्या दोघांचे हसू माझ्या अंगातून गेले. अजून आठवते.

वर्षे गेली. मी जुना झालो. मुलांच्या शाळेचे व्हिडिओ अडकू लागले, लोक माझ्याकडे बघून बोटे मोडू लागले. मग जेनिस नावाची इंजिनिअर आली. तिला नवी रचना आखायची होती. बोलणे आणि इंटरनेट, दोन्ही एकाच वेगवान वाटेने न्यायचे होते. तिने गावाच्या सभागृहात नकाशा पसरला. कुठल्या बाजूने किती मिनिटे बोलणे होते, ते त्यावर रंगवलेले होते. समुद्राची बाजू कोरी होती.

"तिकडून कोणी बोलतच नाही का?" तिने विचारले.

"आम्ही बोलत बसलो तर मासे कोण धरणार, पोरी?" अँब्रोस म्हणाला.

सगळे हसले. जेनिसही हसली. न उचललेली रिंग मिनिटांत मोजली जात नाही, आणि तिला फोन म्हणावे हे गावाच्याही मनात आले नाही. मला ठाऊक होते. पण मित्रांनो, आम्ही दुसऱ्यांचा आवाज पोहोचवतो. आम्हाला स्वतःचा नसतो.

समुद्राकडे तोंड असलेले माझे अँटेना उतरवले, नवे घरांकडे वळवले. व्हिडिओ धावू लागले.

त्या संध्याकाळी एकही रिंग आली नाही. गाव घाबरून होड्या घेऊन निघाले, तर समोरून अँब्रोस येतोय. "ही वरात कुणाची रे?" तो म्हणाला. गावाने फोन कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा उत्तर आले, पुढच्या हंगामाआधी बघू. हळूहळू गावाला त्या शांततेची सवय झाली.

मग शरदात एकदा दाट धुके उतरले. अँब्रोसची वेळ टळली.

"बघायला जाऊ या का?" शेजारणीने विचारले.

"रिंग आता कुणाचीच येत नाही गं. येईल तो," एफी म्हणाली, आणि तिने किटली चढवली. पाणी आटत आले तेव्हा ती उठली. होड्या पोहोचल्या तोवर उशीर झाला होता. गल हेडच्या पलीकडे त्याची होडी उलटलेली सापडली. अँब्रोस गेला होता; बराच वेळ होडीला धरून होता म्हणे.

जेनिस एफीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहाला तिने हात लावला नाही. "मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"आम्ही तरी कुठे सांगितलं? श्वास घेतो, हे कुणी सांगत बसतं का?"

माझे अँटेना परत लागले. तपासायला जेनिस स्वतः होडीतून गल हेडला गेली. रिंग कुणाला द्यायची, असा प्रश्न आला तेव्हा एफी म्हणाली होती, "मलाच दे."

मित्रांनो, नवे जरूर आखा. माझ्यासारखे जुने गंजतातच. पण नकाशावर जी बाजू कोरी दिसेल, तिथे एकदा जाऊन बसा. तिथली माणसे आपल्या माणसांची खुशाली कशी कळवतात, ते विचारा, आणि मगच माझ्या अंगाला हात लावा.

जेनिस गल हेडला गेली त्या दिवशी एफीच्या घरात एकच रिंग वाजली. तिने फोन उचलला नाही. सवयीने उठली, किटली चढवली, आणि मग शेगडीपाशी तशीच उभी राहिली.