कशाची कमी आहे तुला?

गोटीच्या उजव्या कानामागे शर्टाच्या बटणाएवढं टक्कल दिसलं आणि तिच्या आईची झोप उडाली. माझं नशीब उघडलं ते तिथून. नाहीतर मी दुकानातल्या फळीवर मुदत संपेपर्यंत उभी राहिले असते, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

मी बाटली. औषधाची म्हणवत नाही, कारण तसं माझ्याच अंगावर लिहिलंय. 'सुंदर केस व मजबूत नखांसाठी खनिजं' हे ठसठशीत अक्षरांत, आणि 'हे औषध नव्हे' हे मुंगीच्या पायाएवढं. पोटात संत्र्याच्या वासाच्या, चघळायच्या गोळ्या. जस्त, लोह, सेलेनियम आणि भरपूर साखर. कारखान्यात एका यंत्रानं मला भरलं, दुसऱ्यानं झाकण पिळलं, तिसऱ्यानं माझ्या छातीवर एक मुलगी चिकटवली. कमरेपर्यंत केस, तोंडभर हसू. ती माझ्या गोळ्या खाऊन तशी झाली नव्हती. ती आधीच तशी होती, म्हणून तर तिला फोटोला बोलावलं.

ऑफिसमधून घाईघाईनं येता येता आई दुकानात शिरली. खांद्यावरची पर्स घसरत होती, ती सावरायचंही तिला सुचत नव्हतं.

"पाच वर्षांची आहे हो. नखं वाढतच नाहीत. कडा कुरतडल्यासारख्या. आणि आता केसही."

"खनिजांची कमी," दुकानदार म्हणाला.

"पण डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, कसलीच कमी नाही."

"मग तर द्याच. झाला तर फायदाच होईल, नाहीतर काही नाही."

नाहीतर काही नाही! माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. पण आईला त्यातला पहिला अर्धाच ऐकू आला. कमी असेल तर ती विकत आणता येते, एवढ्या विचारानंच तिचा चेहरा सैल झाला. कमी नसेल तर मग काय आहे, हा प्रश्न तिला घरी न्यायचा नव्हता. मला नेणं सोपं होतं. मी पर्समध्ये मावत होते.

घरी माझं स्वागत यथातथाच झालं.

"माझं अख्खं टक्कल तुला दिसत नाही," गोटीचे बाबा म्हणाले, "तिचं बटणाएवढं बरोबर दिसतं."

"तुझं हाताबाहेर गेलंय. तिचं अजून हातात आहे."

आजी खुर्चीत बसून मला उलटसुलट करत होती. "आमची पोरं माती खाऊन वाढली. त्यांना कुठलं आलंय जस्त न् बिस्त! डोळ्यांसमोर होती, एवढंच."

"आई, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"मी कुठं काय म्हणतेय?" आजीनं मला टेबलावर ठेवलं. जरा जोरातच.

'नखं चावतेस का गं?' असं आईनं गोटीला विचारून झालं होतं. गोटीनं मानेनंच नाही म्हटलं होतं. आणि खरंच, आईसमोर तिचं बोट कधी तोंडात गेलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर गोटी पाळणाघरात जायची. तिथल्या मावशींनी जेवणानंतर एक गोळी द्यायची असं ठरलं, आणि माझी रवानगी दप्तरात झाली. माझं झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. ते पोरीला उघडत नाही ना, हे आईनं स्वतः तीनदा पाहिलं, मग चौथ्यांदा आजीला पाहायला लावलं. पहिल्या दिवशी ते मावशींनाही उघडलं नाही, तेव्हा कुठे तिच्या जिवाला बरं वाटलं.

गोळी घेऊन गोटी शहाण्यासारखी तोंड मिटायची. मावशी वळल्या की दप्तरापाशी यायची, गोळी गालातून काढायची आणि बाहेरच्या कप्प्यात सारायची. माझंच पोटचं ओलं होऊन माझ्या शेजारी परत यायचं. तोंड असून बोलता येत नाही, यासारखी शिक्षा नाही. शिवाय माझ्या तोंडावर झाकण.

दप्तर खुंटीला टांगलेलं असे. आत अंधार, पण ऐकू सगळं यायचं. संध्याकाळी बेल वाजायची, एकेक पोर आपापल्या माणसाला बिलगून जायचं. "बघ, तुझीही येईल हं आता," मावशी म्हणायच्या. मग खोली शांत व्हायची आणि त्या शांततेत बारीक आवाज सुरू व्हायचा. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्. मला वाटायचं, उंदीर आहे.

आई यायची ती धापा टाकत. "सॉरी गं राजा, आज जरा उशीर झाला." हा 'जरा' रोजचाच होता. घरी आल्यावर ती गोटीची बोटं उजेडात धरून बघायची.

"वाढतायत, नाही?" ती बाबांना विचारायची.

"हो, हो," बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचे.

मी रिकामी होत गेले आणि आईची खात्री भरत गेली. ऑफिसातल्या मैत्रिणीलाही तिनं माझं नाव सुचवलं. माणसं बाटलीवर किती पटकन विश्वास टाकतात! बाटली उलट प्रश्न विचारत नाही ना.

आज रविवार. सकाळी आईनं दप्तर धुवायला भिजवलं, कप्पा उलटा केला आणि माझं सगळं पोटचं बाहेर आलं. पेन्सिलीच्या ढलप्या लागलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या गोळ्यांचा लगदा. मला तिनं ओट्यावर आदळलं. मी तिथंच उभी आहे, पूर्ण रिकामी. मला फेकायचं तर खुशाल फेका. फक्त माझ्या जागी दुसरी आणू नका, निदान त्या पोरीचं बोलून होईपर्यंत तरी.

"किती छळशील गं मला?" आईचा आवाज फाटला होता. "नखं वाढावीत म्हणून मी जिवाचं रान करते आणि तू... काय कमी आहे तुला या घरात? सांग ना, कशाची कमी आहे?"

हा प्रश्न उत्तरासाठी विचारायचा नसतो, हे सगळ्या घराला माहीत आहे. गोटी पाच वर्षांची आहे, तिला माहीत नव्हतं.

"मला नकोत मोठी नखं."

"का नकोत?"

"मी करंगळीपासून खाते. मग दुसरं, मग तिसरं. अंगठा संपला की बेल वाजते आणि तू येतेस." तिनं बोटांकडे काळजीनं पाहिलं. "मोठी झाली तर संपायलाच किती वेळ लागेल! मग तू अजून उशिरा येशील."

दप्तराचं पाणी आईच्या पायांवर ठिबकत होतं.

आई खाली बसली. ओल्या हातानं तिनं गोटीचे कानामागचे केस बाजूला केले.

"आणि हे गं?"

"ते काही मी रोज नाही उपटत," गोटी तिची समजूत घालत म्हणाली. "तुझी मीटिंग असते ना, त्या दिवशीच फक्त. अंगठा संपतो आणि बेलच वाजत नाही."