माडीवरच्या दरवाजाची आतली बाजू

मित्रांनो, बेळगावच्या शहापुरात, जिथले माग केव्हाच बंद पडले आहेत अशा एका गल्लीत दुमजली घर आहे. त्या घराच्या माडीवरच्या खोलीचा मी जुना दरवाजा. भरमू सुताराने मला खानापूरकडच्या सागवानातून घडवले. चौकटीत बसवल्यावर त्याने मला तीनदा उघडून-मिटून पाहिले आणि म्हणाला, "ह्यो कुरकुरला तर माझं नाव बदला." मी पुढे भरपूर कुरकुरलो. भरमूचे नाव मात्र कुणी बदलले नाही.

घर चिंतामणी सरांचे. ते शाळेत गणित शिकवायचे. घरात त्यांची पत्नी वासंतीकाकू आणि एकुलती एक मुलगी निवेदिता. माझी खोली निवेदिताची. पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, गेल्यावर तिने एक सवय लावून घेतली. दिवसाचा अभ्यास झाला की माझ्या आतल्या बाजूच्या फिकट पोपटी रंगावर ती शिसपेन्सिलीने एक ओळ लिहायची. 'आज सेंद्रिय रसायन संपले.' 'प्रकाशाचा धडा डोक्यावरून गेला.' 'आईची थालीपिठे चार खाल्ली, मग झोपच आली.' एरवी दरवाजाच्या वाट्याला लाथा आणि धक्के येतात. माझ्या वाट्याला इतके सुंदर अक्षर आले, म्हणून मी जरा ताठ्यातच असायचो.

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली. एका दुपारी ती जमिनीवर चटई टाकून पडली होती. पडल्या पडल्याच तिने माझ्या अगदी खालच्या फळीवर लिहिले, 'खूप ताप आहे. आईला परीक्षा झाल्यावर सांगेन.' अक्षर वाकडे आले होते. मी ती ओळ वाचली. तिसऱ्या दिवशी तिला उचलून खाली नेले. माझ्यातून गेलेली ती पोर परत आली नाही. ताप मेंदूत गेला होता, असे लोक जिन्यात बोलत होते.

पुढे सहा वर्षे मला कुलूप होते. तरीही मार्च आला की मी भर दुपारी आपोआप हलायचो, कडी वाजायची. सर म्हणत, उन्हाने लाकूड आकसते. मीही स्वतःला तेच सांगायचो, पण मला ते पटत नसे.

शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, खोलीत दिवा लागू दे. कुणाची तरी पोर अभ्यास करू दे." मग कॉलेजच्या मुली भाड्याने राहू लागल्या. सरांची शिस्त मोठी. मुलगी आली की खोलीत काय कसे आहे याचा ते कागद करायचे, त्याची एक प्रत तिला द्यायचे आणि ती जाताना तोच कागद घेऊन पुन्हा वर यायचे. पंखा चालतो. खिडकीची एक काच तडकलेली. नळ गळत नाही. माझ्यापुढे लिहिलेले असायचे, 'दरवाजा: आतली बाजू पुसू नये.' खाली दोघांच्या सह्या.

दर मार्चला, निवेदिता गेली त्या तारखेला, काकू माझ्यासमोर उभ्या राहत. माझ्या खुंट्यांवर लटकवलेले कपडे बाजूला सारून वरपासून एकेक ओळ वाचत. गुडघे वाकत नसल्यामुळे खालची फळी त्यांनी कधी पाहिलीच नाही. वाचून झाले की माझ्यावर तळहात टेकून विचारत, "एवढा ताप होता गं, मला का सांगितलं नाहीस?" मित्रांनो, उत्तर त्यांच्या पायाशी होते. माझा जीव तीळतीळ तुटायचा.

निपाणीची उपासना नर्सिंग शिकायला आली आणि चार वर्षे राहिली. उन्हाळ्यात ती चटईवर झोपायची, त्यामुळे खालची ओळ तिला दिसली. काकूंचा प्रश्नही तिने चारदा ऐकला. पण ती कुणाला काही बोलली नाही.

या मे महिन्यात तिचे शिक्षण संपले. सामान न्यायला तिची आई सुविधा आली. ती बँकेत नोकरीला आहे, पण तिच्या आईने जन्मभर विड्या वळल्या. उपासना कॉलेजात दाखला आणायला गेली, सरांच्या कागदाची प्रत तिच्याच पिशवीत राहिली. सुविधाने बादली भरली, सोडा कालवला. एकीकडे फोनवर नवऱ्याशी बोलणे चालू होते. "माझ्या आईला लोकं उंबऱ्याच्या भायेर थांबवायची. आमच्या पोरीनं खोली घाण ठेवली, असं कुणी म्हणाय नको. आरशावानी करून जाते बघा."

तिने फरशी घासली, खिडकी पुसली आणि मग ती माझ्याकडे वळली. मी होता नव्हता तेवढा जोर लावून कुरकुरलो. तिने बिजागरीत तेल सोडले आणि मला वरपासून खालपर्यंत धुऊन काढले.

सर आणि काकू वर आले तेव्हा मी ओला होतो. काकूंनी माझी आतली बाजू पाहिली आणि त्या खाटेच्या कडेवरच बसल्या.

"इथलं कुठं गेलं?" त्यांनी विचारले.

"पुसलं की आक्का," सुविधा हसत म्हणाली. "पोरीनी लिवलं हुतं कायबाय. सगळं लख्ख केलं."

सरांनी हळू आवाजात तिला सगळे सांगितले. सुविधाच्या हातातले फडके गळून पडले. "मी काय केलं हे!" म्हणत ती काकूंच्या शेजारी बसली आणि ढसाढसा रडू लागली. एवढ्यात उपासना जिना चढून आली. तिने मला पाहिले, दोघींना पाहिले. पिशवी खाली ठेवून ती काकूंच्या समोर बसली.

"काकू, मला सगळं पाठ हाय. म्हणू?"

काकूंनी मान हलवली. उपासनाने डोळे मिटले आणि सेंद्रिय रसायनापासून सुरुवात केली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. थालीपिठांशी आल्यावर काकूंच्या ओठावर हसू आले आणि डोळ्यांतून धार लागली. बारा वर्षांनी त्या खोलीत ती वाक्ये मुलीच्या आवाजात ऐकू येत होती. माझे तर लाकूड शहारले. खाली शेवटची ओळ उरली. उपासना थांबली.

"एवढंच होतं?" काकूंनी विचारले.

उपासनाने एकदा माझ्या खालच्या फळीकडे पाहिले. "व्हय काकू. एवढंच होतं."

उपासना आईबरोबर गावी गेली. त्या कागदावर सरांना माझ्यापुढे काही लिहिता आले नाही, ती ओळ कोरीच राहिली. आता मला नवा रंग दिला आहे, नवी मुलगी येणार आहे. पण दुपारी खोली रिकामी असली की माझ्या खालच्या फळीवर पेन्सिल सरकते. तीच ओळ, तेच वाकडे अक्षर. वाचायला मी एकटाच असतो.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवतो. दुसऱ्याचे लिहिलेले पुसण्याआधी एकदा विचारा. आणि अंग तापले, डोके ठणकू लागले, तर दरवाजावर लिहून ठेवू नका. आम्हाला सगळे वाचता येते, पण खाली हाक मारता येत नाही. तुम्ही उठा, जिना उतरा आणि आधी आईला सांगा. परीक्षा पुढच्या वर्षीही असते.