बोर्डातल्या दोन काड्या

काडीचं लाल डोकं बोर्डाच्या भोकातून जरासं बाहेर आलेलं, शेजारच्या भोकात दुसरी काडी, आणि दोन्हींच्या कडेनं आत दडपलेल्या त्या सोललेल्या तारा... गोदू वाकून बघत राहिली. बाजाराची पिशवी अजून हातातच होती. वायर भिंतीवरून चढून प्लॅस्टिकच्या नाताळाच्या झाडात शिरली होती, तिथं भर दुपारी इवले दिवे लुकलुकत होते, आणि खिडकीचा पडदा वाऱ्यानं फुगून त्या दिव्यांना लागत होता, मागं जात होता, पुन्हा लागत होता.

तिनं बटन बंद केलं. मग काड्या उपसल्या. एक मधोमध करपून तपकिरी झाली होती.

ही करणी वल्लरीची. नऊ वर्षांची नात. तिच्या शाळेत झाड म्हणून घरातही झाड, आणि सून अंकिता आणते म्हटल्यावर आणतेच. गोदूनं तेव्हाच ऐकवलं होतं की अंगणात आंबा होता तवा त्याला कुनी टिकल्या लावल्या नाय. काल संध्याकाळी माळेची पिन तुटली. अंकितानं ती कापून टाकली, नवी पिन आणेपर्यंत माळ लावायची नाही असं पोरीला बजावलं, घरात कुणी नसताना तर कधीच नाही, आणि झाड पडद्यापासून लांब सरकव असंही सांगितलं. पोरीनं यातलं काहीच केलं नव्हतं. सकाळी आईची पाठ वळली, आजी बाजारात गेली, आणि शाळेची गाडी यायच्या आत...

पण काड्यांची युक्ती तिला कुठून ठाऊक?

कुठून म्हणजे काय. दिवाळीत आकाशकंदिलाची पिन सापडेना, तेव्हा गोदूनंच बाल्कनीत बसून वायर दातानं सोलली होती, काडेपेटी वल्लरीच्या हातात दिली होती, आणि तोऱ्यात म्हणाली होती, "बग बाय, तुजी आजी शाळेत गेली नाय, पन तिचं कुटं आडत नाय."

थकल्यासारखी ती खाली बसली. दोन्ही काड्या पदराच्या टोकात बांधल्या. का बांधल्या — केराच्या डब्यात टाकल्या असत्या तर संपलं असतं. तेव्हाही असंच संपलं होतं.

संपलं होतं? अकरा वर्षं झाली. गावचं जुनं घर, अंकिताचा सासरचा पहिला गणपती, थर्माकोलचं मखर, आणि आरतीची वेळ झाली तरी माळ पेटेना. तेव्हाही काड्या गोदूच्याच हातच्या. आरती संपून माणसं ओटीवर प्रसादाला बसली आणि आत तो वास... थर्माकोल जळत नाही, ते रडतं, थेंब थेंब पेटतं. अंकिता आत धावली, अंगाची हळद न उतरलेली पोर, आणि मूर्ती उचलून बाहेर आली. देवाला काही झालं नाही. तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत...

आणि चार बायका विचारायच्या आधी गोदूच बोलली होती. नव्या सुनेला निरांजन कुटं ठेवावं ह्ये पन समजत नाय. एवढंच वाक्य. ते गावभर फिरलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी जळका बोर्ड उचकटला, आतली कोळशासारखी काडी बघितली, मग बायकोकडे बघितलं, आणि बोर्ड गुपचूप विहिरीत टाकून आले. मरेपर्यंत त्यांनी त्याबद्दल शब्द काढला नाही. गोदूला वाटायचं, वाचवलं आपल्याला. आज वाटलं, त्यांनी ते ओझं एकटीच्या डोक्यावर ठेवून दिलं आणि स्वतः निघून गेले.

अंकिता अजून पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालते. बाहेर पडताना प्रत्येक बटन दोनदा तपासते; कुलूप लावून पुन्हा उघडते. या तपासण्यावरून गोदूनं किती वेळा टोमणे मारले...

चार वाजता दोघी एकदमच आल्या. अंकिताची नजर चपला काढायच्याही आधी झाडाकडे गेली. सोललेल्या तारा तिनं बोटांवर घेऊन बघितल्या. आवाज चढवला नाही. तोंड मात्र पांढरं पडलं.

"वल्लरी, हे बोर्डात घातलं होतंस?"

पोरीनं होकारार्थी मान हलवली.

"कुणी शिकवलं?"

वल्लरीनं आजीकडे बघितलं. फक्त एकदा. मग जमिनीकडे.

"कुणी नाही. मीच."

ती नजर गोदूला ओळखीची होती. जळका बोर्ड हातात धरलेल्या माणसाची. सगळं जाणून तोंड मिटणारी... नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर ती कशी आली? घरातल्या भांड्यांसारखी तीही आपणच पुढं दिली का?

"आई, तुम्ही बघितलंत? घर पेटलं असतं," अंकिता म्हणाली. डाव्या हाताची बाही तिनं नकळत खाली ओढली.

गोदूच्या जिभेवर उत्तर तयार होतं, नेहमीसारखं, धार लावलेलं: पोरीला वळण लावायला आयशीनं घरात ऱ्हावं लागतं. अकरा वर्षं अशी वाक्यं मागायच्या आधी आली होती. आताही आलं, दातांपर्यंत आलं, आणि तिला त्याचा वास आला — थर्माकोलचा.

तिनं ते गिळलं. बोटं पदराच्या गाठीवर गेली. गाठ तिची स्वतःचीच, पण दुपारभर हातात चुरगाळून घट्ट बसली होती, नखं लागत नव्हती. अंकिता उत्तराची वाट बघत उभी होती. वल्लरी बघत होती ते गाठीकडे.

"थांब," गोदू म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही. तिनं मान खाली घातली आणि गाठ दातात धरली.