गॅरेजमधला खेळाडू

माझा धाकटा भाऊ लॉर्न याला एक दिवस साक्षात्कार झाला, की आपला लेक ब्रेडन बर्फावरच्या हॉकीतला मोठा खेळाडू होणार. ब्रेडनचं मत अर्थातच कुणी विचारलं नाही. झालं! मॅनिटोबाच्या थंडीत गाडी बाहेर कुडकुडायला गेली आणि गॅरेजात प्लॅस्टिकचा बर्फ अंथरला गेला. पोराच्या पायांना रबरी पट्टे, डोळ्यांवर खाली बघू न देणारा चष्मा, समोर शंकू मांडलेले. शिट्टी वाजली की शंकूंमधून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, काढायचा, पुन्हा वाजली की जाळ्यात मारायचा.

इकडे शेजारीच आमच्या परसात माझ्या नवऱ्याने दरवर्षीसारखं पाणी सोडून बर्फ धरला होता. शाळा सुटली की गल्लीतली कार्टी यायची, सगळ्यांच्या स्टिक्स ढिगात टाकायची आणि एकजण टोपी डोळ्यांवर ओढून त्या दोन बाजूंना भिरकावायचा. ज्याची स्टिक जिकडे, तो तिकडच्या संघात. ब्रेडन कुंपणाशी उभा राहून बघायचा.

"ए, टाक की तुझी पण!" शेजारचा एमेट रोज ओरडायचा.

"त्या धुडगुसात पाठवून त्याच्या सवयी बिघडवू?" लॉर्न मला म्हणाला. "ग्लेनिस, तुला यातलं शास्त्र कळत नाही."

"नाही रे बाबा, मी कुठली शहाणी! पण जाऊ दे ना पोराला जरा."

"संघात निवड झाली की खेळेलच की पोरांबरोबर."

ब्रेडनने ते वाक्य मनात घट्ट धरलं. बिचारा स्वतःहून पट्टे बांधायला लागला.

निवडीच्या दिवशी प्रशिक्षक डोरीन स्टॉबे बाईंनी शंकू मांडलेच नाहीत. स्टिक्सचा ढीग करून दोन संघ पाडले, मध्ये पक टाकला आणि म्हणाल्या, "हं, खेळा."

ब्रेडन सुटला! वेग असा, की माझ्याही तोंडून 'अगं बाई' निघालं. पोरांना शंकू समजून तो वळणं घेत राहिला. पण शंकू गुमान जागेवर राहतात, ही कार्टी अंगावर येत होती. तिघांनी त्याला कठड्याशी दाबलं. समोर एमेट मोकळा, स्टिक आपटून पक मागतोय.

"अरे, पास दे! पास!" लॉर्न कठड्यावर मुठी आपटत किंचाळला.

ब्रेडनने मान वर करून बापाकडे पाहिलं. "कुणाला?"

"पाय सुरेख आहेत," बाई नंतर म्हणाल्या. "पण बर्फावर आपण एकटेच आहोत असं वाटतं त्याला. पुढच्या वर्षी बघू. तोवर पोरांत सोडा त्याला."

ब्रेडन स्केट्स न काढताच बसून राहिला. माझा जीव तुटला. लॉर्नला मी तिथेच चार शब्द सुनावले. त्याने मान खाली घातली, तेव्हा वाटलं, आलं डोकं ठिकाणावर.

पुढच्या आठवड्यात केक द्यायला गेले, तर गॅरेजात नवीन यंत्र! पक सरकवला की तो परत धाडणारं.

"उणीव सापडली बघ," लॉर्न छाती फुगवून म्हणाला.

आमच्या परसातून पोरांचा कल्ला ऐकू येत होता. ब्रेडनने पक सरकवला, यंत्राने तो परत दिला.

"मस्त, एमेट," ब्रेडन यंत्राला म्हणाला.