डॉक्टरांचा शब्द

सपनाने अतिदक्षता विभागाचं दार मागे लोटलं, पायांतली निळी प्लास्टिकची वेष्टनं काढून डब्यात टाकली आणि आईकडे न बघता आधी आपल्या चपला शोधू लागली. चपला समोरच होत्या. तरी तिने शोधण्यात थोडा वेळ घालवला.

जयवंताबाई बाकावरून उठून उभ्या होत्या.

"काय म्हणले डॉक्टर?"

"शुद्धीवर येईन असं वाटते म्हणले."

"वाटते म्हणले?"

"हो."

जयवंताबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि खिडकीशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळल्या.

"आयकलं का? पोरगं शुद्धीवर येते म्हणले."

चंपतरावांनी मान डोलावली आणि खिशातून फोन काढला. आधी नांदेडच्या भावाला लावला, मग दुकानात. दोन्हीकडे त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी शब्द दिलाय, पोरगं येतंच आता शुद्धीवर. सपना ऐकत होती. डॉक्टर जे म्हणाले होते त्यातलं थोडं तिच्याकडून गळलं होतं, थोडं आईकडून, आणि फोनवर जाईपर्यंत उरलं ते दुसरंच काहीतरी होतं.

कुलदीप तिचा धाकटा भाऊ. माघ सरता सरता निर्मल गावाहून परतताना घाटात त्याची मोटारसायकल घसरली. दुकानासाठी भांड्यांचा माल बघायला गेला होता. मार डोक्यात आतून लागला. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. शस्त्रक्रिया झाली, सूज उतरली, श्वास त्याचा तो घेऊ लागला. डोळे मात्र उघडेनात. होळी झाली, पाडवा झाला. वैशाखात त्याचं लग्न ठरलेलं होतं.

मेंदूचे डॉक्टर मॅथ्यू केरळचे. त्यांची हिंदी मोजकी, तेलुगू त्याहून मोजकी. चंपतराव दुकानात दिवसभर तेलुगू बोलत, हिंदी बोलत. पण डॉक्टरांसमोर त्यांची एकही भाषा बाहेर येत नसे. सपना इथे आदिलाबादमध्येच एका खासगी शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवायची. त्यामुळे डॉक्टर आले की आत जायची ती, विचारायची ती, आणि बाहेर येऊन सांगायचीही तीच.

संध्याकाळी हर्षालीचा फोन आला. तो रोजच यायचा. हर्षाली तलमडुगूच्या अमृतरावांची मोठी मुलगी, कुलदीपची होणारी बायको. साखरपुड्यानंतर दोघं जेमतेम दोनदा भेटली होती. ती फोनवर फार बोलत नसे.

"ताई, काय म्हणले आज?"

"तेच. येईन शुद्धीवर, असं वाटते म्हणले."

"बरं. ताई, तुमी सांगता तेच मी घरी सांगतो. घरचे इचारते ना, डॉक्टरनं सांगलं का सपनाताईनं. मी म्हणतो, एकच हाय ते."

फोन ठेवल्यावर सपना तशीच उभी राहिली. "एकच हाय ते," तिने स्वतःशी म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती आईवडिलांना न सांगता थेट दवाखान्यात गेली. डॉक्टर मॅथ्यू जेवून हात पुसत होते. त्यांनी खुर्ची दाखवली, ती बसली नाही.

"सर, काल तुम्ही म्हणालात, वी होप ही विल वेक अप."

"येस."

"होप म्हणालात. एक्स्पेक्ट नाही म्हणालात."

डॉक्टरांनी रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. ते इंग्रजीत बोलत होते, सावकाश, तिला प्रत्येक शब्द कळेल असं.

"तुम्ही इंग्रजी शिकवता ना? मुलांना काय सांगता, फरक काय या दोघांत?"

"ज्याला काही आधार असतो ते एक्स्पेक्ट. आधार नसताना पण मन म्हणतं ते होप."

"मग तुम्हाला माहीतच आहे."

"तरी विचारते, सर."

"होप," डॉक्टर म्हणाले. "आज मी दुसरा शब्द वापरू शकत नाही. पहिल्या आठवड्यात वापरला असता कदाचित. आता नाही. तो आहे तसा वर्षभर राहू शकतो, अधिकही. उठलाच तर मला तुमच्याइतकाच आनंद होईल. पण मला आश्चर्यही वाटेल."

बाहेर बाकावर कुणाचे तरी नातेवाईक डबा उघडून बसले होते. सपना त्यांच्या शेजारी बसली. मराठीत ती कुलदीपच्या बाबतीत इतके दिवस एकच शब्द वापरत आली होती: वाटतं. त्या एका शब्दात होपही बसत होतं आणि एक्स्पेक्टही. ऐकणाऱ्याने हवं ते उचलावं. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि म्हणूनच तिने तो शब्द निवडला होता.

रविवारी सकाळी अमृतराव घरी आले. सोबत त्यांच्या वाडीतली वांगी आणि मेथीची पिशवी होती. ती त्यांनी दाराआडच ठेवली. साठीकडे झुकलेला, उन्हाने रापलेला माणूस. खुर्चीच्या टोकाशी बसले. चंपतरावांनी दवाखान्याचं सगळं सांगितलं, नळ्या किती काढल्या, कूस कशी बदलावी लागते. अमृतराव मान हलवत होते. सपनाने पाणी आणून दिलं, चहा आणून दिला. चहा निवला तरी त्यांनी बशीला हात लावला नाही.

"चंपतराव," ते शेवटी म्हणाले, "मी बोलतो ते वाईट वाटून घेऊ नका. किनवटचे लोक पुन्हा येऊन राह्यले. तेच, हर्षालीले पाह्याले जे आपल्या आदी आलते. पोरगं मास्तर हाय. त्याईले आपली अडचण माईत हाय, म्हणून ते गुमान इचारते. बायको म्हणते हो म्हणा. भाऊ म्हणते हो म्हणा."

"अन् पोरगी?" जयवंताबाईंनी विचारलं. त्या आतल्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या.

"पोरगी म्हणते, सपनाताई सांगन ते. ताई म्हणाली तो येते, तं मी थांबतो, कितीबी थांबतो. तिच्यापुढं कोनाचं चालून नाई राह्यलं." त्यांनी सपनाकडे पाहिलं. "मले निस्ती तसल्ली पायजे, बाई. डॉक्टर काय म्हणले तेवढं सांग. मंग मी किनवटवाल्याईले हात जोडतो."

"येते म्हणले," चंपतराव घाईने म्हणाले. "तसा शब्दच दिला त्याईनं. सपना, सांग ना."

सपनाच्या हातात रिकामा ट्रे होता. तिने तो छातीशी धरला.

"येईन असं वाटते म्हणले."

अमृतरावांनी हे शब्द मनात तोलून पाहिल्यासारखे केले.

"वाटते म्हंजे कसं? मले रोजच वाटते. तुमाले वाटते. डॉक्टरले वाटते ते कसं वाटते?"

बाहेर रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक गेली, तेलुगूत, मग हिंदीत.

"सपना," चंपतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आता विनंती होती.

सपनाने ट्रे कोनाड्यात ठेवला आणि अमृतरावांसमोर जमिनीवर बसली. घरच्या मोठ्या माणसापुढे बसावं तशी.

"काका, इंग्रजीत याले दोन शब्द हायत. मराठीत मी दोन्हीले वाटते म्हटलं. पन ते एक नाईत. एका शब्दात मानसाले काईतरी दिसत असते, म्हणून तो वाट पाह्यते. दुसऱ्यात काईच दिसत नाई."

"तरी पाह्यते?"

"तरी पाह्यते."

अमृतराव आपल्या हातांकडे बघत राहिले.

"म्हंजे असं," ते हळूच म्हणाले. "बी टाकलं, पानी पडलं, आता उगवन म्हणून मानूस थांबते. हे एक झालं. अन् पानी पडलंच नाई, तरी रोज सकाळी वावरात जाऊन माती उकरून पाह्यते. ते दुसरं."

"हो, काका."

"डॉक्टर कोन्तं म्हणले?"

सपनाला आईचं मनगट दिसत होतं, चौकटीवर टेकवलेलं. ते हललं नाही.

"दुसरं म्हणले. मी परत जाऊन इचारलं. दुसरंच म्हणले."

चंपतरावांनी मान फिरवली. आणि जयवंताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, कोणाकडेही न बघता आत निघून गेल्या. आत लोखंडी कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"काऊन सांगलं?" चंपतराव इतकंच म्हणाले. ते सपनाला म्हणाले की स्वतःलाच, ते कळलं नाही. ती खाली बघत राहिली. आई पुन्हा बाहेर येणार नाही, अमृतराव तिचा निरोप न घेताच जातील आणि हे घर आपल्याला माफ करणार नाही, असं तिला वाटलं.

जयवंताबाई बाहेर आल्या त्या हातात घडीची साडी घेऊन. हिरवीगार, जरीच्या काठाची, अजून दुकानाच्या कागदात. लग्नात सुनेला नेसवायची म्हणून घेतलेली ती साडी सपनाने लगेच ओळखली. साडीवर नारळ होता, आणि मूठभर तांदूळ रुमालात बांधलेले.

त्या अमृतरावांच्या समोर उभ्या राहिल्या.

"हे हर्षालीले द्या."

"वहिनी, हे कसं..."

"सुनेले नाई देऊन राह्यले. आमच्याकडून लेकीले. किनवटले जाईन तवा तिच्या आईले सांगा ओटी भरताना हेच घे म्हणून." त्यांनी साडीवरचा नारळ सरळ केला. "तिले म्हणा, थांबू नको. मी सांगलं म्हणा. सपनानं नाई, मी."

अमृतरावांनी दोन्ही हातांनी साडी घेतली. त्यांना उठायला वेळ लागला. दारात ते थांबले, चंपतरावांकडे वळले, आणि दोघांनी एकमेकांना हात जोडले, पहिल्यांदा भेटल्यावर जोडले असतील तसे. पायरी उतरताना त्यांनी साडी खांद्यावरच्या उपरण्याखाली झाकून घेतली. रस्त्यावर ऊन होतं.

दुपारी चंपतराव दुकान उघडायला निघून गेले. रविवारी ते कधी जात नसत. जयवंताबाईंनी मेथी निवडायला घेतली. सपना समोर बसून दुसरी जुडी सोडू लागली.

"आई, तुह्यापासून लपवलं मी."

"माईत होतं मले."

"केव्हापासून?"

जयवंताबाई पिवळी पानं वेगळी करत राहिल्या.

"पोरगं माह्या पोटचं हाय, बाई. रोज त्याचे पाय चोळून राह्यले मी. पाय सांगते." त्यांनी पुढची काडी उचलली. "तुह्या बाबाले सांगायची हिंमत नोती माही. अन् त्या पोरीले कोन सांगन? तू वाटते म्हणून राह्यली, मंग मी बी येते म्हणत गेले."

सपनाच्या हातातल्या काड्या तशाच राहिल्या.

"तो दुसरा शब्द काय हाय म्हणली?"

"होप."

"अन् पहिला? पानी पडलं तो?"

"एक्स्पेक्ट."

जयवंताबाईंनी होप हा शब्द उच्चारून पाहिला नाही. एक्स्पेक्ट एकदा ओठांवर आणला, अडखळल्या, सोडून दिला. हातातली पानं टोपलीत टाकली.

"उद्यापासून मले मराठीत नको सांगू. मराठीत सांगतं तवा तू माह्या तोंडाकडे पाहून सांगतं. डॉक्टर जो म्हणन तोच शब्द सांग. तो बदलला, तं बदलला म्हणून मी समजून घेईन."

"बाबाले?"

"बाबाले मी सांगते. हळूहळू."

हर्षालीचा फोन त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर एकदा तिचा संदेश आला: ताई, साडी मिळाली. सपनाने तो पुन्हा पुन्हा वाचला. उत्तरात काय लिहावं ते तिला दोन्ही भाषांत सुचलं नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ती शाळा आटोपून दवाखान्यात आली तेव्हा आईवडील दोघं बाकावर होते. परिचारिकेने दार अर्धवट उघडून तिला आत बोलावलं. कुलदीपचे केस पुन्हा उगवू लागले होते, कानामागे काळी सावली धरल्यासारखे. डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उचलून बत्ती धरली, तळपायावर किल्ली ओढली, नोंद केली. ते सपनाला म्हणाले ते थोडकंच होतं.

तिने बाहेर येऊन चपला घातल्या. यावेळी तिला त्या लगेच सापडल्या.

जयवंताबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी वर पाहिलं.

"काय म्हणले?"

"होप."

चंपतरावांनी कान टवकारले, मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. जयवंताबाईंनी मान हलवली. मग त्यांनी मधली पिशवी उचलून खाली ठेवली आणि सपनाला बसायला जागा करून दिली.