वरच्या ठाण्याचे तांदूळ

देवळासमोर अख्खा तांडा लोटला होता. तीजेच्या नाचालाही एवढी गर्दी होत नाही. देवीची चांदीची छत्री चोरीला गेली होती आणि चोर धरायला लखीराम महाराज आले होते. देऊळ झाडणाऱ्या चार बाया ओळीत बसवलेल्या. महाराजांनी प्रत्येकीच्या तोंडात मंतरलेले तांदूळ घातले.

"हे वरचं ठानं हाये," महाराज गरजले. "इथं वकील नाही, जामीन नाही. चावा. चोराचे तांदूळ कोरडे निघतेत."

मी इथल्या शाळेत मास्तर. असली ठाणी पाहून माझं डोकं फिरतं, पण पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार?

तिघींनी ओला लगदा थुंकला. त्यांचे नवरे, दीर पाठीशी उभे होते. चौथ्या सोनीबाई; त्यांच्या मागे कोणी नव्हतं. मुलगा विनोद आणि सून अंजू ऊसतोडीला गेलेले. सोनीबाईंच्या तोंडून कोरडा चुरा पडला. शेजारच्या बायकाही दूर सरकून बसल्या. मला ते पाहवलं नाही.

तांड्याचे नायक मदनसिंग यांनी पोलिसांना आधीच फोन केला होता. हवालदार रंजीताबाई शिपायासोबत जीपमधून उतरल्या.

"देवानं तपास केला," नायक म्हणाले. "तुमी फक्त इले घेऊन जा. आमी इले आता तांड्यात ठेवत नाही."

"पुरावा काय?"

"तांदूळ कोरडे निघाले ना."

"तांदळावर अटक कराचा अधिकार मले नाही, नायक. अटकेले कारन लागते, ते लिहून द्या लागते. अन् वाळीत टाकाचा अधिकार तुमालेबी नाही. तो गुन्हा हाये."

मग त्या महाराजांकडे वळल्या. "तुमच्या ठान्यात जामीन नाही म्हने. चमत्काराच्या नावानं लोकाईले भेव दाखवलं, तर आमच्या कायद्यातबी तो सहज भेटत नाही. जीपमंदी बसा लागन. पन आंदी हे तांदूळ चावून दाखवा."

महाराजांनी जीपकडे पाहिलं, जमावाकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. बराच वेळ चावून ते थुंकले. कोरडा चुरा.

"म्हंजे महाराजच चोर," मागून कोणी तरी बोललं.

"नाही," रंजीताबाई म्हणाल्या. "चोर कोन, ते तपासात दिसन. महाराज भ्याले हायेत, एवढंच. मानूस भ्याला की थुका आटते."

महाराज जीपमध्ये बसले. गर्दी पांगली. सोनीबाईंची माफी मागायला एकही माणूस थांबला नाही.

"मावशी, घरी जा. तुमाले कोनी नेत नाही," रंजीताबाई म्हणाल्या.

"तू चाल्ली का?" सोनीबाईंनी त्यांचा हात धरला. "बस ना जराशी. पोरगं गेलं तवापासून लोक आजच माह्याशी बोल्ले. तेबी चोर म्हनून."

रंजीताबाई बसल्या. मी शाळेतून पाणी आणलं, तेव्हा मलाच माझी लाज वाटली.

छत्री कोणी नेली, ते मला ठाऊक नाही. ते शोधायला पोलीस आहेत, आणि पुराव्याशिवाय त्यांनाही कोणाला धरता येत नाही. आपल्याला तर तो अधिकारच नाही. तेव्हा कोणाचं तोंड कोरडं पडलेलं दिसलं, तर त्याला आधी पाणी द्या. मग जवळ बसून विचारा, कशाची भीती वाटतेय.