उद्यापनाआधीची दाढ

"तोंडात रक्त घेऊन पूजेक बसतलंस?" सासूबाई कॉटवरून म्हणाल्या. "उद्या शेवटचो गुरुवार. उद्यापन जावंदे, मगे काढ ती दाढ."

मी पायातली चप्पल काढून ठेवली. नाताळचा दिवस होता. दादरच्या डॉक्टर उर्मिलाबाई फक्त माझ्यासाठी सकाळी दवाखाना उघडणार होत्या. दुपारी त्या सुट्टीवर निघणार, त्या नवीन वर्षातच परतणार. गाल सुजून डोळा बारीक झाला होता, तरी मी त्यांना फोन करून येत नाही म्हणून कळवलं. मार्गशीर्षातले गुरुवार या घरात मीच करते. महिनाभर घरात मासळी नाही, अंडंसुद्धा नाही.

दिवसभर पुरणाची डाळ निवडली, उद्या येणाऱ्या पाच बायकांसाठी फळं आणली, कलश घासला. जो येईल तो म्हणे, लवंग धर. लालबागमध्ये मसाल्याच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर राहतो आम्ही. मला काय लवंग ठाऊक नाही?

संध्याकाळी नवरा खोताच्या वाडीतून आला. मित्राकडे नाताळचं जेवायला गेला होता. खुर्चीत बसून आरामात काडीने दात कोरत होता.

"मटण खाल्लंत?" मी विचारलं.

"अगं, बाहेर खाल्लं ना. घरात कुठे आणलं? बाहेरचं घराला लागत नाही."

मी सासूबाईंकडे बघितलं.

"पाय धुवून घे रे, रघु," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

माझ्या तोंडातलं रक्त लक्ष्मीला चालत नाही आणि याच्या दातातलं मटण चालतं. असला संताप आला की घटकाभर दाढेचं दुखणंच विसरले.

सकाळी उठले ती थेट चप्पल घातली.

"खय चाललंस गो?"

"सरकारी इस्पितळात. दाढ काढायला."

"आणि पूजा?"

"तुमच्या मुलाला सांगा."

दुपारी परतले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता. कलश कोरडाच. नवरा कामाला दांडी मारून घरात येरझाऱ्या घालत होता. "मला यातलं काय येतं? संध्याकाळी बायका येतील, शोभा होईल."

बोलता येत नव्हतं, आणि आलं असतं तर बरं काही बोलले नसते. मी कलश त्याच्या एका हातात दिला, नारळ दुसऱ्या हातात दिला आणि न्हाणीघराकडे बोट केलं. त्याने आईकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

पूजा त्यानेच जमेल तशी मांडली. पुरण घातलंच नाही. नैवेद्याला दूधसाखर. संध्याकाळी बायका आल्या आणि दारातच थबकल्या. नवरा हळदीकुंकवाचं ताट धरून उभा. कोणाच्या कपाळाला हात लावणार तो? नुसतं ताट पुढे करत गेला. बायकांनी एकमेकींना लावून घेतलं. कोणी हसलं नाही.

सगळ्यात शेवटी ताट माझ्यासमोर आलं. तो काहीतरी म्हणणार होता. मी मान हलवून त्याला गप्प केलं, कुंकवात बोट बुडवलं आणि माझं मीच लावून घेतलं.